लोण्याची झाक

बिअरच्या पुरस्कारांची रात्र. दारात प्रत्येकाच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवत होते. माझ्या कार्डावर नावाखाली 'लेखन' असं छापलेलं होतं, समोरून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या कार्डांवर 'ब्रुअर', म्हणजे बिअर बनवणारे. तो खर्च वाचवता आला असता. कोण कुठल्या गोटातलं हे पाच मिनिटांत न वाचताच कळायला लागलं. आम्ही लिहिणारे ग्लास दिव्याकडे धरून रंग न्याहाळत होतो, नाकाशी नेऊन डोळे मिटत होतो. बनवणारे बिअरच्या आधी ग्लास बघत होते. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे धुण्यात काहीतरी राहून गेलंय, हे त्यांना सवयीनंच दिसतं. माझ्या शेजारचा एक जण चकार शब्द न काढता बारवर गेला, ग्लास बदलून आणला आणि मग गप्पांत सामील झाला.

त्यांचे हातही वेगळे. टाक्या धुवायच्या कॉस्टिक सोड्यानं कोरडी पडलेली कातडी, मनगटापाशी वाफेच्या पाईपचे जुने चट्टे. दिवसभर गमबुटांत असणारी पावलं त्या रात्री चामड्याच्या बुटांत अवघडून गेली होती. एकीनं तर टेबलाखाली बूट काढूनच ठेवले होते.

मी बिअरवर लिहिते त्याला अकरा वर्षं झाली. हा उद्योग एकट्यानं करायचा असतो. एकटीनं प्यायचं, एकटीनं लिहायचं. (हे वाक्य वाचायला जितकं वाईट वाटतं तितकं प्रत्यक्षात नाही.) बाटली टपालानं येते, वही उघडायची, चार घोट घ्यायचे, दोन पानं लिहायची. बनवणाऱ्या माणसाचा चेहरा त्यात कुठेच नसतो. त्या वर्षी माझा एक लेख लेखनाच्या विभागात अंतिम यादीत होता, म्हणून या पुरस्कारांच्या रात्रीचं बोलावणं आलं. पारितोषिक मिळालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी त्याची वाट बघत बसायला नको.

लिहिणाऱ्यांचं टेबल कोपऱ्यात होतं. ज्यांचं वर्षानुवर्षं वाचत आले ती माणसं पहिल्यांदा सदेह भेटत होती आणि प्रत्येक जण आपल्या लेखनाहून वेगळा निघत होता. जहाल लिहिणारा गृहस्थ बोलायला अगदी लाजरा. हळुवार लिहिणारी बाई आयोजकांशी खुर्च्यांवरून भांडत होती. थोड्याच वेळात आमचं बोलणं अपेक्षेप्रमाणे आम्ही काय लिहीत नाही यावर आलं. मैत्रीतल्या माणसाची बिअर फसली तर लिहायचं का? फुकट आलेल्या बाटलीबद्दल वाईट लिहिलं तर पुढची येईल का? सगळे हसले, उत्तर कुणीच दिलं नाही. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून वही काढून दाखवली. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले. डावा पहिल्या ग्लासासाठी, उजवा दुसऱ्यासाठी. बहुतेक पानांवर उजवा रकाना कोरा होता.

"पहिल्या घोटाचं सगळेच लिहितात," त्या म्हणाल्या. "दुसरा ग्लास मागावासा वाटला का, हे लिहायला बसलं की लेख आखूड होतात."

मी हसले आणि मनातल्या मनात स्वतःच्या लेखांची लांबी मोजली.

याच स्पर्धेच्या परीक्षणात दोन महिन्यांपूर्वी मी मदतनीस म्हणून राबले होते. काम हमालीचं. पडद्यामागे बाटल्या उघडायच्या, नंबर टाकलेल्या छोट्या कपांत ओतायच्या, परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. कुणाची बिअर कुठल्या नंबराची, हे टेबलावर कुणालाच माहीत नसतं. कप आला की आधी वास, कारण ते उडून जाणारं असतं, थांबत नाही. मग रंग, फेस, मग घोट. वाइनच्या परीक्षकांसारखं इथे थुंकत नाहीत. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा गिळल्यानंतर रेंगाळतो, म्हणून घोट पोटात जावा लागतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका गुणपत्रिकेत ५० गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीन! आम्ही लेखक मात्र अर्धा परिच्छेद रंगावर घालवतो.

पण मला सगळ्यात आवडला तो तिथला मौनाचा नियम. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही, चेहऱ्यावरची रेघही हलता कामा नये. शेजारच्यानं भुवई उंचावली की आपल्यालाही काहीतरी खटकायला लागतं. नाक मुरडायला बंदी असलेली अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. लिहून झालं की चर्चा, गुणांत फार अंतर असेल तर पुन्हा घोट. एका माणसाच्या नाकावर भरवसा ठेवायचा नाही, अशी ती सगळी मांडणी.

ही सावधगिरी बिअरवाल्यांची जुनी आहे. विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात नोकरीला लागला. बार्ली आणि हॉप्सचे थोडेसेच नमुने हाताशी असताना त्यावरून सगळ्या मालाबद्दल किती खात्रीनं बोलता येईल, हा त्याचा रोजच्या कामातला प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यानं १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं छापलं आणि आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती टी-चाचणी शिकतो. त्याच काळात, १९०९ मध्ये, कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सेननं पीएचचं, म्हणजे आम्लतेचं, माप मांडलं. बिअर बनवणाऱ्यांना आपल्या जिभेवर विश्वास नव्हता म्हणून जगाला केवढं काय काय मिळालं. माझ्या लेखांत मात्र नमुना एकच असतो: मी.

हे सगळं डोक्यात असतानाच त्या पुरस्कारांच्या रात्री तो ब्रुअर भेटला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, गळ्यातलं कार्ड उलटं झालेलं.

"तुम्हीच ना त्या? 'जिभेवर लोण्यासारखी उतरणारी'?"

सहा वर्षांपूर्वीचं वाक्य. त्याच्या लागर बिअरवर मी लिहिलं होतं. मी अर्थातच हुरळले. कुणाला आपलं वाक्य पाठ असावं, याहून मोठा पुरस्कार त्या रात्री मला मिळणार नव्हता. (मिळालाही नाही.)

"तुमच्या लक्षात आहे ते?"

"रोज वाचतो. तीन नंबरच्या टाकीच्या वर लावलंय. छापून, लॅमिनेट करून."

मी आभार मानले. त्यानं मान हलवली.

"आभार कसले, ती माझी चूक होती. तुम्ही तिचं कौतुक केलंत."

मग त्यानं समजावून सांगितलं, शिक्षकाच्या सुरात नाही, गाडी कुठे ठोकली ते सांगावं तसं. यीस्ट साखर खाऊन दारू आणि कार्बन डायऑक्साइड करतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण वाढताना ते एक पदार्थ बाहेर टाकतं आणि त्याचं बाहेर, बिअरमध्येच, डायअॅसिटिल होतं. लोण्याचा वास येतो तो त्याचाच. यीस्टला वेळ दिला तर शेवटी शेवटी ते स्वतःच हे डायअॅसिटिल परत आत ओढून घेतं आणि त्याचं असं काही करून टाकतं की वास उरत नाही. स्वतःचा पसारा स्वतःच आवरतं म्हणा. लागर थंडीत आंबते, दहा अंशांच्या आसपास, त्यामुळे यीस्ट सुस्त असतं. म्हणून आंबणं संपत आलं की टाकीचं तापमान थोडे अंश वाढवायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. जर्मनमध्ये लागर या शब्दाचा अर्थच मुळी साठवण. या बिअरमध्ये घालायचा मुख्य पदार्थ वेळ आहे.

"त्या वेळी टाकी हवी होती," तो म्हणाला. "पुढच्या मालाची ऑर्डर होती, टाक्या तीनच. ते दोन दिवस मी खाल्ले. थंड केली, गाळली, भरली. मला वास आला होता. वाटलं, कुणाच्या लक्षात यायचं नाही. आणि मग तुमचा लेख आला."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कौतुक कुणी परत करतं का? आठवड्यात सगळा माल खपला."

इथपर्यंत गंमत होती. पुढचं वाक्य त्यानं ग्लासाकडे बघत सांगितलं. पुढची खेप त्यानं नीट केली, सगळे दिवस देऊन. स्वच्छ, कोरडी, धान्याच्या वासाची, त्याला पहिल्यापासून करायची होती तशी. तर लोक येऊन विचारायला लागले, ती पूर्वीची मऊ बिअर गेली कुठे? एका बारनं ऑर्डर बंद केली. "तुम्ही लिहिलं होतं ना, लोण्यासारखी. त्यांना लोणी हवं होतं."

त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. लेखकाला आपल्या लेखाचा परिणाम व्हावा असं फार वाटत असतं. झाला होता.

घरी आल्यावर त्या लेखाचं टिपण शोधलं. वहीत त्या बिअरपुढे मी पहिल्यांदा लिहिलेला शब्द होता 'ओशट?' प्रश्नचिन्हासकट. लेखात तो कुठेच नव्हता. ओशट म्हटलं की हात धुवावेसे वाटतात. लोण्याची झाक म्हटलं की वाक्य सुंदर होतं. जीभ बरोबर बोलली होती, हातानं तिची वाणी सुधारून घेतली. बिअरच्या वासांसाठी मॉर्टन मीलगार्ड या रसायनशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत १९७० च्या दशकात एक चक्र तयार केलं, त्यात वास आणि चवी १४ गटांत मांडलेल्या आहेत. पूर्वी एकदा ते चक्र मी मराठीत करायला बसले होते तेव्हा लक्षात आलं होतं की दोषांच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे. धातूची चव उतरली तर कळकलेलं. ज्या पाण्याला चवच नाही आणि तरीही नकोसं वाटतं ते मचूळ. जुनं झालेलं तेलकट ते खवट, ओल धरलेलं ते कुबट. 'ओल्या पुठ्ठ्यासारखा' असा लांबलचक उल्लेख इंग्रजीतून येतो तो हवा लागून शिळ्या झालेल्या बिअरचा वास. आपण नुसतं 'उतरलेली' म्हणून मोकळे होतो. हे सगळे शब्द माझ्यापाशी होते. अकरा वर्षांच्या लेखांत ते मी किती वेळा वापरले, हे मोजायला एक हात पुरला.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्या रात्रीनंतर मी मुद्दाम एका चाचणीला बसले. साध्या बिअरमध्ये मोजून दोष मिसळतात आणि तुम्हाला ओळखायला लावतात. बहुतेकांना डायअॅसिटिल लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास जाणवायला लागतं. पण नाक नाकासारखं नसतं. कुणाला फार आधी कळतं, कुणाला कितीतरी उशिरा. मला उशिरा. बाकीचे कप बाजूला सारायला लागले तेव्हा मी 'छान मऊ आहे' असं लिहीत होते. दुप्पट मात्रेला कुठे मला वास आला, आणि तो सरळसरळ ओशट होता. भाजल्यासारखं, करपट, उन्हात ठेवलेल्या बिअरचा उग्र दर्प, शिजवलेल्या मक्याचा वास, हे सगळं मी झटकन ओळखलं. नेमकी इथे पाटी कोरी. परीक्षकांना आपापली अशी आंधळी जागा माहीत असते आणि टेबलावर ते ती आधीच सांगून टाकतात: अमुक वास मला कळत नाही, तेवढ्यापुरतं तुमचं धरा. लेखाखाली अशी ओळ टाकायची पद्धत आमच्यात नाही.

डायअॅसिटिलच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की ते म्हणजे सरसकट दोष नव्हे. झेक पद्धतीच्या लागरमध्ये आणि एल नावाच्या काही इंग्लिश बिअरमध्ये त्याची अगदी पुसट झाक चालते, काहींना आवडतेही. पण त्या ब्रुअरला तशी करायचीच नव्हती. बनवणाऱ्यानं काय करायला घेतलं होतं हे न विचारताच जे झालं त्याला मी छान म्हणून गेले.

पुन्हा त्या सभागृहात येते. समारंभ लांबला, तसे ते लांबतातच. गव्हाची बिअर, आंबट बिअर, लाकडी पिंपात मुरवलेली, एकामागून एक विभाग. एका विभागात सुवर्ण कुणालाच दिलं नाही. परीक्षकांना त्या लायकीचं काही वाटलं नाही, एवढंच निवेदकानं सांगितलं आणि क्षणभर सगळं चिडीचूप झालं. मग कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली. मला वाटतं, त्या रात्रीची सगळ्यात प्रामाणिक टाळी तीच. माझा विभाग सगळ्यात शेवटी, निम्मे लोक उठल्यावर. बक्षीस त्या ज्येष्ठ बाईंना मिळालं. मंचावर जाताना त्या वही टेबलावरच विसरल्या. मी उघडली नाही. उघडावीशी फार वाटली.

ब्रुअरांच्या टेबलांवर मात्र दुसराच समारंभ चालला होता. प्रत्येकाचा फोन मांडीवर, आणि त्यावर आलेख. आंबणाऱ्या टाकीला सुट्टी नसते. यीस्ट काम करतं तेव्हा स्वतः उष्णता सोडतं. थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली तर रात्रीत तापमान चढतं आणि सकाळी स्वच्छ लागरच्या जागी फळांच्या वासाचं भलतंच काहीतरी हातात येतं. रौप्यपदकासाठी नाव पुकारलेली एक तरुण मुलगी मंचावर निघाली ती फोन शेजाऱ्याच्या हातात देऊन: "बाराच्या वर गेलं तर हाक मार." पदक घेताना तिचं लक्ष टेबलाकडेच होतं. नंतर कळलं, दोनच वर्षांपूर्वी ती तिथे केग, म्हणजे बिअरची पिंपं, धुवायला लागली होती. या धंद्यात निम्म्याहून जास्त काम धुण्याचंच असतं. एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी सहज जातं, लहान ठिकाणी त्याहूनही जास्त. लेखात आम्ही ते कधी आणत नाही, कारण धुण्याला वास नसतो.

तिच्याकडे बघताना ज्येष्ठ बाई म्हणाल्या, यात नवीन काय आहे? प्राचीन सुमेरमध्ये बिअरची देवता निन्कासी, तीही बाईच. इंग्रजीत बिअर बनवणाऱ्या बाईला 'ब्रूस्टर' असा स्वतंत्र शब्द होता. ते घरचं काम होतं तोवर बायकांचं, त्यात पैसा आला तेव्हा पुरुषांचं झालं. एवढं बोलून त्यांनी वहीच्या उजव्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

यीस्टला मराठीत नीट शब्द नाही, 'किण्व' कुणी बोलताना म्हणत नाही. 'विरजण' त्यातल्या त्यात जवळचा. पण विरजण पडलं म्हणजे आपल्याकडे बिनसलं. मला या शब्दाची नेहमी गंमत वाटते. एक चमचाभर जिवंत काहीतरी टाकायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच आपल्या हातात. पुढचं सगळं ते करतं, आणि ते करत असताना आपण झाकण उघडून बघत बसलो तर खरोखरच विरजण पडतं. १८८३ मध्ये एमिल हान्सेननं कार्ल्सबर्गमध्ये यीस्टची एकेक पेशी वेगळी काढून शुद्ध वाण वाढवला. तोवर हजारो वर्षं माणसं न दिसणाऱ्या कुणाच्या तरी भरवशावर बिअर करत होती. लागरचं यीस्ट मुळात दोन जातींचा संकर आहे, त्यातली एक रानटी जात २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या यीस्टसोबत काम केलं त्याच्या आईबापांपैकी एक कोण हेही माहीत नव्हतं.

सगळं संपल्यावर दारापाशी तो पुन्हा दिसला, अंगात कोट, हातात दोन ग्लास. त्याला काही मिळालं नव्हतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही माझ्याबद्दल बोलले नाही. एक ग्लास माझ्या हातात दिला.

"तीच. या महिन्याची."

फिकट सोनेरी, फेस पांढरा, काचेला एकही बुडबुडा चिकटलेला नाही. हे मी आधी बघितलं हे त्याच्या लक्षात आलं असावं. मी वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

"कसला?"

"धान्याचा."

"आणि?"

"आणखी कसलाच नाही. पण माझ्या नाकाचं धरू नका."

तो हसला. माझ्या हातातून ग्लास घेऊन त्यानं स्वतः हुंगला, बराच वेळ, मग परत दिला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यानं काढून बघितलं, आलेख माझ्यापुढे धरला, सरळ रेघ होती, आणि आपला ग्लास कठड्यावर तसाच ठेवून तो पायऱ्या उतरून गेला. मी माझा संपवला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा उचलला.